शनिवारी दारू, बाकीचे दिवस गोळ्या: एका रात्रीची गोळी टाळली तर धोका टळतो का?

प्रश्न विचारणारी: गृहिणी, मंगळवार पेठ

सर्वांना नमस्कार. माझ्या पतींचे वय ४५ आहे आणि ते कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीमध्ये सुपरवायझर आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली आणि कामावर निघायची वेळ झाली की छातीत धडधड सुरू होऊ लागली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या करून घेतल्या, त्या व्यवस्थित आल्या, आणि मग त्यांनीच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. तेव्हापासून सकाळी एस्सिटॅलोप्रॅम (नैराश्य आणि चिंतेवरची) आणि रात्री क्लोनाझेपॅम (घबराट कमी करून झोप आणणारी) अशा दोन गोळ्या चालू आहेत. पहिल्या दोन महिन्यांत फरकही चांगला पडला.

अडचण शनिवारची आहे. शनिवारी त्यांच्या मित्रांचे रस्सा मंडळ कोणाच्या तरी शेतावर बसते आणि तिथे पिणे होतेच. आषाढातल्या जत्रा तोंडावर आल्या आहेत, म्हणजे आता निमित्तांना तोटा राहणार नाही. प्यायचे असते त्या दिवशी ते रात्रीची गोळी घेत नाहीत. ‘आज गोळी नाही, म्हणजे काही होत नाही’ असे त्यांचे म्हणणे असते. मित्रांपैकी एकाने तर त्यांना सांगितले आहे की दारू आणि गोळीत सहा तासांचे अंतर ठेवले की पुरते आणि बिअर असेल तर तेवढेही लागत नाही.

मागच्या महिन्यात एका शनिवारी ते घरी आले, झोप लागेना, म्हणून मध्यरात्रीनंतर त्यांनी ती गोळी घेतली. त्यानंतरचे त्यांचे घोरणे नेहमीसारखे नव्हते. मध्येच आवाज पूर्ण थांबायचा आणि थोड्या वेळाने गुदमरल्यासारखा मोठा श्वास यायचा. मी दिवा लावून उशाशी बसून राहिले. सकाळी त्यांना आपण गोळी घेतल्याचे आठवत नव्हते, आणि झोपण्यापूर्वी ते पुण्याच्या मुलाशी फोनवर बोलले होते, तेही आठवत नव्हते.

घरात यावर तीन मते आहेत. सासूबाई म्हणतात, या गोळ्यांनीच डोके बधिर होते, त्या बंद कर. दिरांनी कोणाकडून तरी डायसल्फिराम नावाच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली आहे; ती रोज चहात विरघळवून द्यायची, त्यांना सांगायचे नाही, दारू आपोआप सुटेल, असे त्यांचे म्हणणे आहे. मला यातले काहीच पटत नाही, पण काय करावे तेही कळत नाही. डॉक्टरांनी दारूबद्दल विचारले होते तेव्हा हे ‘कधीतरी’ एवढेच म्हणाले आणि मी शेजारी बसून गप्प राहिले. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

ताई, गोळ्यांबद्दल तज्ज्ञ मंडळी लिहितीलच. मी फक्त त्या रात्रीच्या घोरण्याबद्दल लिहिते, कारण तुमच्या संपूर्ण प्रश्नात मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट तीच आहे. अपघात विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे. ‘घोरत होता, म्हणून गाढ झोपलाय असे वाटले’ हे वाक्य तिथे नातेवाइकांच्या तोंडून ज्या ज्या वेळी ऐकले, त्या वेळी पुढे काय झाले हे इथे लिहिण्याची गरज नाही.

दारूच्या अमलाखाली झोपेची गोळी घेतली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि मेंदूकडून श्वासाला जो हुकूम जातो तोही मंदावतो. त्यातच उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरू शकते, कारण ठसका लागून जाग येण्याची शरीराची नेहमीची सोय त्या वेळी काम करत नाही. म्हणून पुन्हा असे झाले तर नुसते उशाशी बसून राहू नका. मोठ्याने हाक मारा, खांदा हलवा आणि ते डोळे उघडून उत्तर देतात का ते पाहा. घड्याळ लावून श्वास मोजा. मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास, दोन श्वासांमध्ये १० सेकंदांपेक्षा जास्त खंड, ओठ किंवा नखे निळसर दिसणे, अंग गार आणि चिकट लागणे, हाक मारून जाग न येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांना कुशीवर वळवून ठेवायचे. उताणे झोपवू नका आणि एकटे सोडू नका.

आपल्याकडे उतारा म्हणून लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी पाजतात किंवा डोक्यावर गार पाणी ओततात. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला काहीही पाजणे म्हणजे ते फुप्फुसात जाण्याचा धोका पत्करणे आहे. बोटे घालून उलटी काढणेही तितकेच धोक्याचे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: शेवटचा पेला संपल्यानंतरही पोटातली दारू रक्तात उतरतच असते, त्यामुळे झोपताना बरा वाटलेला माणूस तासाभराने अधिक बिघडू शकतो. रुग्णालयात जाताना गोळ्यांच्या सर्व पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना अंदाज बांधत बसावे लागत नाही.

उत्तर: मनोविकारतज्ज्ञ

ताई, सविस्तर लिहितो. मी तुमच्या पतींना तपासलेले नाही, त्यामुळे डोस बदलण्याचा निर्णय त्यांचे डॉक्टरच घेतील. परंतु तुम्ही जे विचारले आहे ते समजून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

प्रथम ‘सहा तासांचे अंतर’ हे म्हणणे पाहू. गोळी गिळली नाही म्हणजे औषध शरीरात नाही, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो या औषधांच्या बाबतीत चुकीचा आहे. क्लोनाझेपॅमचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. शुक्रवारी रात्री दहाला घेतलेल्या गोळीचा निम्म्याहून अधिक भाग शनिवारी रात्री शेतावर पान वाढले जाते तेव्हा रक्तात असतो, शिवाय त्याच्या आधीच्या रात्रींचा शिल्लक साठा वेगळाच. एस्सिटॅलोप्रॅमलाही निम्म्यावर यायला साधारण ३० तास लागतात. याच गटातील फ्लुऑक्सेटिन तर नियमित घेणाऱ्याच्या शरीरात निम्मे व्हायला चार ते सहा दिवस घेते आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक त्याहूनही जास्त काळ टिकतो. रोज औषध घेणाऱ्याच्या रक्तात ते चोवीस तास असते. किंबहुना ते तसे राहावे यासाठीच रोज द्यायचे असते. त्यामुळे एका रात्रीची गोळी टाळून दारूसाठी जागा मोकळी होत नाही. होते ते एवढेच की त्या रात्री उपचारात खंड पडतो आणि धोका बहुतांश जागच्या जागी राहतो.

आता तो धोका नेमका कशामुळे. मेंदूची उत्तेजना आवरून धरणारे गॅबा नावाचे एक रसायन असते. क्लोनाझेपॅम, अल्प्राझोलाम, लोराझेपॅम, डायझेपॅम ही सर्व औषधे त्या गॅबाचा जोर वाढवतात, म्हणून घबराट कमी होते आणि झोप येते. दारूही तिथेच जोर लावते. एकाच गाडीचे दोन ब्रेक दोघांनी एकाच वेळी दाबावेत, तसे होते. स्वतंत्रपणे जी गोळी आणि जेवढी दारू बहुतेकांना जड जाणार नाही, तीच दोन्ही एकत्र आली की शुद्ध, तोल आणि श्वास या तिन्हींवर परिणाम होतो. मुलाशी बोललेले न आठवणे हा त्याचाच भाग आहे. त्या वेळी माणूस बोलतो, चालतो, दार लावतो, पण आठवण साठवणारी यंत्रणा बंद असते, आणि आठवत नाही म्हणून एक गोळी घेतल्यावर पुन्हा दुसरी घेण्याचा प्रसंग याच अवस्थेत घडतो. झोल्पिडेम नावाच्या झोपेच्या गोळीबरोबर तर माणसे झोपेतच उठून स्वयंपाकघरात जाणे, गाडी बाहेर काढणे असे प्रकार घडल्याची नोंद आहे, आणि दारूने ती शक्यता वाढते. दुसऱ्या दिवशीही हा परिणाम पूर्ण गेलेला नसतो. तुमचे पती वितळलेल्या धातूच्या, क्रेनच्या आणि भट्टीच्या सान्निध्यात काम करतात. रविवारची पाळी असेल किंवा सकाळीच मोटारसायकल घेऊन महामार्गावर निघायचे असेल, तर ही गोष्ट त्यांच्या एकट्यापुरती राहत नाही.

बिअरबद्दल. आपल्याकडे मिळणारी ‘स्ट्राँग’ बिअर बहुधा आठ टक्क्यांच्या आसपास असते. ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल येते. ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे एक बाटली बिअर ही चार लहान पेगांच्या बरोबरीची झाली. आपले यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकामी करते, आणि कॉफीने, आंघोळीने किंवा तांबड्या रश्श्याने हा वेग वाढत नाही. ‘बिअर चालते’ हा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी हा हिशेब केलेला नाही.

मला याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. एस्सिटॅलोप्रॅमसारख्या औषधांवर दारू प्यायल्याने त्याच रात्री श्वास थांबेल असे सहसा होत नाही. गुंगी वाढते, निर्णयशक्ती ढिली होते, एवढे बहुतेकांच्या वाट्याला येते. खरे नुकसान सावकाश होते. दारूने पहिली झोप लवकर लागते, पण उत्तररात्रीची झोप तुटते आणि अंमल उतरताना मेंदू उलट्या बाजूला ओढला जातो. त्यातून दुसऱ्या दिवशी अस्वस्थता, चिडचिड, धडधड, नैराश्य येते. तुमचे पती ज्या तक्रारींसाठी उपचार घेत आहेत, नेमक्या त्याच या तक्रारी आहेत. मग रुग्ण डॉक्टरांकडे जाऊन सांगतो की गोळ्यांचा गुण येईनासा झाला. डॉक्टरांना दारूचे ठाऊक नसेल तर ते डोस वाढवतात, औषध बदलतात, जोडीला आणखी एक गोळी देतात. प्रत्येक नवी गोळी पुन्हा त्याच दारूला जाऊन मिळते. माझ्या अनुभवात, दारू पिणाऱ्या रुग्णापेक्षा दारू लपवणाऱ्या रुग्णाला जास्त त्रास भोगावा लागतो. म्हणून ‘कधीतरी’ हे उत्तर लवकरात लवकर दुरुस्त व्हायला हवे. आठवड्यातून किती वेळा, कोणती आणि किती मिलिलिटर, एवढे स्पष्ट सांगावे. कोणताही जबाबदार डॉक्टर त्यावरून रुग्णाला रागावून परत पाठवणार नाही.

सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु गोळ्या अचानक बंद करणे हा उपाय नाही. कित्येक महिने रोज घेतलेले क्लोनाझेपॅम एका दिवसात थांबवले तर निद्रानाश आणि कंप तर होतातच, काहींना फेफरेही येते. ते टप्प्याटप्प्याने कमी करायचे असते. एस्सिटॅलोप्रॅम एकदम तोडल्यास चक्कर, विजेचा झटका बसल्यासारख्या संवेदना आणि मूळ आजार उलटणे हे घडते.

वाचकांपैकी इतरांसाठी थोडक्यात: ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या नैराश्यविरोधी गोळ्यांबरोबर दारूची गुंगी फार वाढते आणि डोस जास्त झाल्यास हृदयाचा ताल बिघडतो. ओलान्झापिन, क्वेटियापिन यांबरोबर उठून उभे राहताच रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. बुप्रोपिऑन घेणाऱ्याने भरपूर पिणे किंवा पिणे एकदम तोडणे, दोन्हींनी फेफऱ्याची शक्यता वाढते. व्हॅल्प्रोएट आणि ड्युलॉक्सेटिन यांच्या बाबतीत यकृताचा विचार करावा लागतो.

शेवटी एक सांगणे आवश्यक आहे. नैराश्यात असलेल्या माणसाचा स्वतःवरचा ताबा दारूने सुटतो. तुमच्या पतींच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा, ‘मी नसलो तर बरे’ असे काही येत असेल, तर त्यांना त्याबद्दल थेट विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात भरवला जात नाही. गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात ठेवा, एका वेळी थोड्याच आणा आणि तातडीने डॉक्टरांशी बोला. शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही उपलब्ध आहे.

उत्तर: औषधविक्रेता, राजारामपुरी

डॉक्टरसाहेबांच्या लिहिण्यात मी भर घालावी असे फारसे नाही, पण दिरांनी आणलेल्या पट्टीबद्दल मला राहवत नाही. ताई, ती पट्टी चहात विरघळवू नका.

डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे जुने आणि उपयोगी औषध आहे. डेन्मार्कमध्ये १९४८ च्या सुमारास त्याचा हा उपयोग पुढे आला. ते दारूची इच्छा कमी करत नाही. दारू पचताना शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो, एरवी तो लगेच पुढे निकामी होतो, आणि डायसल्फिराम हे निकामी होणेच अडवते. त्यामुळे गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, उलट्या होतात आणि रक्तदाब घसरतो. तीव्र प्रकारात हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यूही ओढवू शकतो. ज्याला हे ठाऊक आहे तो भीतीने दारूपासून लांब राहतो, आणि या औषधाचा सगळा उपयोग त्या ठाऊक असण्यावर उभा आहे. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा क्वार्टर संपवेल आणि आपल्याला काय होते आहे हे ना त्याला कळेल, ना उपचार करणाऱ्याला. रुग्णाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय आणि तो दारूच्या अमलाखाली असताना हे औषध देऊ नये, ही सूचना त्याच्या माहितीपत्रकातच असते. गोळी बंद केल्यावरही परिणाम १४ दिवसांपर्यंत राहू शकतो. शिवाय ते डायझेपॅमसारख्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढवते. ‘न कळत जेवणातून द्या’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. त्या पुड्यांत काय असते हे पाकिटावर लिहिलेले नसते, आणि मला त्यांची भीती गोळ्यांपेक्षाही अधिक वाटते.

दुसरी गोष्ट, अल्प्राझोलाम, डायझेपॅम, झोल्पिडेम ही औषधे एच-वन परिशिष्टात, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, आहेत. मार्च २०१४ पासून हे परिशिष्ट लागू आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि दिल्यावर रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. तरीही ‘कालचीच पट्टी द्या की, ओळखीचाच आहे’ असा आग्रह धरणारे रोज येतात. आमच्यापैकी जो नकार देतो तो अडवणूक करत नसतो, हे कृपया समजून घ्यावे.

फौंड्रीत काम म्हणजे कंबरदुखी आलीच, म्हणून आणखी एक विचारतो. ते वेदनाशामक गोळ्या घेतात का? एस्सिटॅलोप्रॅम, डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणि दारू ही तिन्ही एकत्र आल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. डांबरासारखी काळी शौचास झाल्यास थांबू नये. ट्रॅमाडॉल असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण एस्सिटॅलोप्रॅमबरोबर त्याने फेफरे येऊ शकते आणि दारूबरोबर श्वास मंदावतो. सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधांचेही तेच. पुढे कधी डॉक्टरांनी सांगून, पतींच्या संमतीने डायसल्फिराम सुरू झालेच, तर दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांसारखी आसवे-अरिष्टेही चालणार नाहीत. त्यांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेले अल्कोहोल साधारण पाच ते दहा टक्के असते, आणि घरात कोणी ते दारूत धरत नाही.

उत्तर: भट्टीवाला, गोकुळ शिरगाव

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. मीही फौंड्रीत आहे आणि गेली अनेक वर्षे द्विध्रुवीय आजारासाठी (यात अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येते) लिथियम घेतो. ताईंच्या पतींना लिथियम नाही हे मला समजले आहे, पण भट्टीवर काम करणारे इथे वाचत असतील, म्हणून लिहितो.

लिथियमचे रक्तातील प्रमाण फार अरुंद हद्दीत ठेवावे लागते. माझ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते लिटरमागे साधारण ०.६ ते १.२ मिलिमोलच्या दरम्यान असावे लागते आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. त्यासाठी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावे लागते. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते. भट्टीसमोर आठ तास घाम गाळायचा, संध्याकाळी दारू प्यायची, तिने लघवी वाढवायची, रात्री उलट्या व्हायच्या आणि सकाळी डोके दुखते म्हणून आयबुप्रोफेन घ्यायची, हे सर्व एकाच माणसाच्या बाबतीत एका दिवसात घडते आणि यातली प्रत्येक गोष्ट लिथियम वर चढवणारी आहे.

आमच्याच खात्यातील एका सहकाऱ्याच्या बाबतीत हे मी पाहिले. मे महिना होता. आदल्या रात्री लग्नाच्या वरातीत त्याचे पिणे झाले होते. सकाळी चहाच्या वेळी त्याचे हात इतके कापत होते की कपातला चहा बशीत आणि बशीतला शर्टावर सांडत होता. बोलणे जड, चाल झोकांड्या खाणारी. सगळ्यांनी धरून चालले की रात्रीची उतरलेली नाही, आणि त्याला घरी पोचवून झोपवले. घरच्यांनीही तेच मानले. दुसऱ्या दिवशी दारूचा वाससुद्धा राहिला नव्हता, तरी कंप आणि झोकांड्या वाढल्याच, जुलाब सुरू झाले आणि तो भलतेच बोलू लागला, तेव्हा त्याला रुग्णालयात नेले. लिथियम वाढलेले निघाले आणि डायलिसिस करावे लागले. तो वाचला, कामावरही आला. लिथियमची विषबाधा आणि दारूचा अंमल बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून लिथियम घेणाऱ्याच्या घरच्यांनी ‘प्यायला असेल’ असे म्हणून सोडून देऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे. माझ्या खिशात गोळ्यांची नावे लिहिलेली चिठ्ठी कायम असते आणि माझ्या शिफ्टच्या दोघांना ती कुठे आहे हे माहीत आहे.

प्रश्न विचारणारी: गृहिणी, मंगळवार पेठ

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, मनापासून आभार. ती पट्टी मी दिरांना परत केली आणि औषधविक्रेते भाऊंचा मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यांनाही ते माहीत नव्हते.

काल रात्री जेवणानंतर मी हे सर्व पतींना वाचायला दिले. बराच वेळ त्यांनी वाचले. मग त्यांनी जे सांगितले ते माझ्यासाठी नवे होते. शनिवार हा फक्त मित्रांसोबतचा दिवस आहे. एरवी गेल्या चार-पाच महिन्यांपासून पाळी सुटल्यावर येताना वाटेत ते जवळजवळ रोज एक क्वार्टर घेतात. घरी आल्यावर लगेच आंघोळ आणि बडीशेप, त्यामुळे मला वास आला नाही. रात्रीची गोळीही त्यावर ते घेतच होते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी प्यायले नाहीत तर हात थरथरतात आणि घाम फुटतो, असेही ते म्हणाले. आता ते स्वतःच म्हणतात की उद्यापासून एक थेंब घेणार नाही. मी आज देवीला जाऊन आले. त्यांना हे असे एकदम सोडू द्यावे का? आणि क्लोनाझेपॅम चालू ठेवावी का?

उत्तर: मनोविकारतज्ज्ञ

ताई, त्यांनी हे स्वतःहून सांगितले ही फार मोठी गोष्ट आहे आणि तुम्ही ज्या शांतपणे ते ऐकून घेतले त्याबद्दल तुमचेही कौतुक आहे. परंतु चित्र आता बदलले आहे, म्हणून माझे उत्तरही बदलते.

रोज एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, म्हणजे दररोज सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल. ते न मिळाल्यास हात थरथरणे आणि घाम फुटणे याचा अर्थ शरीराला त्याची सवय लागली आहे. अशा अवस्थेत घरच्या घरी एकदम दारू तोडणे धोक्याचे ठरू शकते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फेफरे येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना वातभ्रम होतो: माणूस नसलेल्या गोष्टी पाहतो, वेळकाळ विसरतो, ताप आणि रक्तदाब चढतो. उपचार न मिळाल्यास त्यात जीव जाऊ शकतो. सर्वांनाच हे होते असे नाही, पण ज्याला आधीपासून कंप सुटतो आणि जो क्लोनाझेपॅमही घेतो, त्याच्या बाबतीत अंदाजावर राहू नये. म्हणून ‘उद्यापासून’ऐवजी उद्याच डॉक्टरांकडे जावे. त्यांचे नेहमीचे मनोविकारतज्ज्ञ उपलब्ध नसतील तर सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयात दाखवावे. दरम्यान फेफरे आले किंवा ते असंबद्ध बोलू लागले तर वेळ न घालवता १०८.

क्लोनाझेपॅमबद्दल तुम्हाला गोंधळ वाटणे साहजिक आहे, कारण दारू सोडवताना आम्ही जे क्लोरडायाझेपॉक्साइड वापरतो ते याच कुटुंबातील औषध आहे. दारूने जो ब्रेक इतके दिवस दाबून धरला होता तो एकदम सुटू नये म्हणून हे औषध काही दिवस देऊन रोज थोडे थोडे कमी करत आणतात. पण ते दारूच्या जागी द्यायचे असते, दारूवर नव्हे, आणि किती द्यायचे हे नाडी, रक्तदाब व कंप पाहून ठरते. त्यामुळे उद्या भेट होईपर्यंत गोळी आपणहून बंद करू नये, वाढवू नये, आणि ज्या रात्री दारू पोटात आहे त्या रात्री ती घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करून विचारावे. त्यांचा श्वास अडखळल्याचे तुम्ही पाहिले आहे, तेही न विसरता सांगा. सोबत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व बहुधा इंजेक्शनने सुरू करतील. दीर्घकाळ पिणाऱ्यांत त्याची उणीव होते आणि ती भरून काढली नाही तर स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. यकृताच्या तपासण्याही होतील.

काही दिवस भरती व्हायला सांगितले तर कामावरच्या सुट्टीच्या काळजीने नाही म्हणू नका. फौंड्रीतल्या व्यवस्थापनाला कारण सांगणे बंधनकारक नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र पुरते. एकदा हे टप्पे सुरक्षितपणे पार पडले की मग पुढचे ठरवता येईल: दारूची ओढ कमी करणाऱ्या गोळ्या, त्यांच्या संमतीने, त्यांना पूर्ण माहिती देऊन डायसल्फिराम, व्यसनमुक्तीचे गट, समुपदेशन. नैराश्याच्या गोळ्यांचा खरा गुण किती, हेही दारू थांबल्यानंतर काही आठवड्यांनीच कळेल. पुष्कळांच्या बाबतीत तेव्हा त्यांपैकी काही गोळ्या कमी करता येतात.

उद्या निघताना सर्व पट्ट्या, जुन्या चिठ्ठ्या आणि वेदनाशामकांसह घरातील इतर औषधेही एका पिशवीत घ्या. मोटारसायकल त्यांनी चालवू नये. दिरांना सोबत न्या. खोलीत गेल्यावर बोलायला त्यांनीच सुरुवात करू द्या, आणि काही राहिले तर या वेळी तुम्ही सांगा.